आईच्या नावाचं तेल

३९१

रेणू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून वस्तुमान मोजणारं यंत्र त्याला फोडतं आणि तुकड्यांची वजनं छापून देतं. तुकडे मनात परत जोडले की अख्खा रेणू उभा राहतो. सगळ्यात जड आकडा आधी वाचायचा, असा सरांचा शिरस्ता. इथंही तसंच.

सरांनी एका रानकंदातून बिनरंगी तेल काढलं होतं. हे यंत्र वर्षभर बंद होतं, म्हणून इतर यंत्रांवर भागवून त्यांनी रचना मांडली: मधे एक कडं, कड्याला शेजारीशेजारी दोन लांब शेपट्या. अशी रचना कुठल्याच कंदात कोणाला सापडली नव्हती.

"म्हणूनच तर नवी," सर म्हणाले आणि रेणूला आपल्या आईचं नाव दिलं.

२७९

शोधनिबंध संध्याकाळी पाठवायचा होता. तो छापून आला की त्यांच्या विद्यार्थिनीची पीएचडी मार्गी लागणार होती. घरी तिचा नवरा आत्तापासूनच "डॉक्टरीणबाई, कचरा राहिलाय" म्हणत होता.

सर फोनवर होते. "हो आई, तुझ्याच नावाचं. नाही गं, गुडघ्याला नाही लावायचं."

यंत्र त्याच सकाळी दुरुस्त झालं. निबंधात एक आकृती वाढेल म्हणून विद्यार्थिनीनं त्यात थेंबभर तेल घातलं. कागदावर चार तुकड्यांच्या वजनांच्या चार काठ्या उमटल्या. शेवटची, १४९ची, कागदाबाहेर जाईल इतकी उंच होती.

ती खुर्चीत बसली. मग कागद घेऊन कपाटामागं गेली, कारण सर बघत होते.

१६७

प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात एक तेल घालतात. १४९ ही त्याची ओळख. हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. सरांनीच.

तिनं कंद न घालता कंदाचा अर्क काढला. तेच भांडं, तोच द्रावक, तीच प्लॅस्टिकची नळी. दुपारी बाटलीच्या तळाशी तेल जमलं. भरपूर. कंद घालून यायचं त्यापेक्षा थोडं जास्तच.

१४९

"सर, हे बघा."

"छान आलंय. कंद कुठला?"

"कंद घातलाच नाही."

सरांनी बाटली उजेडात धरली. मग नळीकडं बघितलं. मग पुन्हा बाटलीकडं.

"रचना बरोबर होती ना पण?"

"जवळपास बरोबर, सर. फक्त कंदातली नव्हती."

"आणखी कोणाला बोललीस?"

"नाही."

सर संगणकासमोर बसले. निबंध उघडाच होता. "मला सांग, आपली नळी कोण उकळून बघणार आहे?"

"मी बघितली, सर."

मग सरांनी मथळ्यातलं आईचं नाव एकेक अक्षर करून पुसलं. नाव लांब होतं. फाइल बंद करताना संगणकानं विचारलं, बदल जतन करायचे का? सरांनी माउस तिच्याकडं सरकवला.

"तूच दाब."

तिनं अख्खी फाइलच काढून टाकली.

"आता काचेची नळी लाव. आणि नवे कंद लागतील."

"हंगाम संपला, सर. आता पुढच्या वर्षीच."

"म्हणजे तुझं एक वर्ष गेलं."

"हो, सर."

"माझंही," सर म्हणाले. त्यांच्या निवृत्तीला मात्र तेवढं उरलं नव्हतं.