सात नंबरचे दोन अंश

"सरळ सांग, ब्लेड घेऊ की पोकळ पाठीची?" डॉक्टरांनी गोल्फच्या दोन्ही आयर्न, लोखंडी पात्याच्या काठ्या, टेबलावर ठेवल्या.

"पोकळ पाठीची घ्या. चेंडू कडेला लागला तरी सांभाळून घेते," दुरुस्तीवाला म्हणाला. "ब्लेडचं पातं भरीव नि पातळ, ती नाही सांभाळत. चुकलात की कोपरापर्यंत झिणझिण्या. पण मधोमध बसली, तर ओल्या मातीत बोट रुतावं तशी. हाताला कळतसुद्धा नाही."

"तुझा भाऊ ब्लेडच वापरतो ना?"

"त्याला शोभते."

डॉक्टर गेले.

दुरुस्तीवाला आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघे याच गोल्फच्या मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहत मोठे झाले. धाकट्याला आयर्न धरायला यानंच शिकवलं. पुढे प्रशिक्षकाच्या जागेसाठी दोघांनी चाचणी दिली. धाकट्याच्या हातात ब्लेड, मग मोठ्यानं पोकळ पाठीची कशी धरायची? यानंही ब्लेडच उचलली आणि चेंडू रानोमाळ उधळले. तेव्हापासून धाकटा प्रशिक्षक होऊन हिरवळीवर, हा या खोलीत त्याच्याच आयर्न घासत. लोक म्हणत, भावाचं किती करतो! डोंबलाचं करतो. जळत होता तो, वीस वर्षं.

आज मुख्य प्रशिक्षक निवडायचा होता. एक फेरी सकाळी, एक चार वाजता. काल धाकट्यानं पिशवी पुसायला दिली, तेव्हा यानं सात नंबरची आयर्न वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली आणि दोन अंश वाकवली. ब्लेडचं पोलाद मऊ, ऐकतं. चेंडू डावीकडे जाणार होता.

दार ढकलून धाकटा आत आला. हातात सात नंबरच.

"दादा, ही डावीकडे ओढतेय."

"कधी कळलं?"

"पहिल्याच फटक्याला. लागली मधोमध आणि चेंडू झाडीत. मग पिशवीतच ठेवली. सहा नंबरवर भागवलं. एका फटक्यानं मागे आहे."

"दगडाला लागली असेल कुठेतरी."

धाकट्यानं पातं खिडकीकडे वळवलं. "दगडाला लागली की ओरखडा पडतो. तूच शिकवलंयस."

मोठ्यानं आयर्न त्याच्या हातातून घेतली.

"मी वाकवली," मोठा म्हणाला.

"माहितीये."

"मग माझ्याकडे कशाला आणलीस?"

"चारला फेरी आहे. तुझ्याइतकी सरळ कोण करणार?"

थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. "अरे, एक शिवी तरी घाल!" तो ओरडला.

"घालतो. आधी सरळ कर."

मोठ्यानं आयर्न वाइसमध्ये आवळली, दांडा ओढला, कोनमापक लावलं. बरोबर. पुन्हा लावलं. बरोबर. तिसऱ्यांदा लावलं. बरोबरच.

धाकट्यानं मापकाकडे बघितलंसुद्धा नाही. आयर्न पिशवीत सारली, पिशवी खांद्याला लावली आणि शिवी न घालताच निघून गेला.

मोठा रिकाम्या वाइससमोर मापक धरून उभा राहिला.