कवळीचा फोटो

ज्या साली मालकाच्या थोरल्या बहिणीचे उरलेसुरले दात काढले, त्याच साली मी या घरात आले. मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याबरोबर फुकटात आलेली, म्हणून पुढे कुणी जमेत न धरलेली. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल, तर आताच उठा.

कारखान्यात मला कुणीतरी हलक्या हाताने पुसून डबीत ठेवले होते. तेवढाच काय तो लाड. मालक औषधांच्या दुकानात कामाला. सुरुवातीला तो मला छातीशी धरून फिरे. जिना, खिडकी, शेजाऱ्यांचे मांजर, सगळे त्याने माझ्यातून टिपले. लोक वा वा म्हणाले. मग कुणा शहाण्याने सांगितले, की फोटोचे कोपरे मऊ, म्हणजे पुसट येतात. झाले. दुसरी लेन्स आली, मग तिसरी. कपाटातला ताईच्या साड्यांचा खणही त्या जाड्या बयांनी बळकावला.

नवी लेन्स आली की तिची परीक्षा ठरलेली. उघडा पेपर समोर धरायचा आणि त्याची बारीक अक्षरे कोपऱ्यापर्यंत वाचता येतात का, ते बघायचे. आधी माझ्यातून, मग नवीतून. पेपर टांगायला ताई भिंतीला खिळा ठोकू देईना. "मग तूच धर," मालक म्हणाला.

ताईला तेव्हा नवी कवळी बसली होती. तिची जाऊ एकदा चारचौघांत म्हणाली होती, "तुझ्या तोंडाचं पार बोळकं झालं गं." ताईला त्या जावेला कवळीचा फोटो पाठवायचा होता.

"माझा एक काढ की."

"चेहऱ्याची खास लेन्स घेतोय, तेव्हा काढू."

"मग मागे घेतलीस ती काय पायाची होती?"

"ताई, पेपर वर धर."

"धरते. तुझं तोंड दिसत नाही, तेवढंच बरं."

एकदा मात्र तिने ऐन वेळी पेपर खाली केला, माझ्याकडे रोखून पाहिले आणि सगळे दात दाखवले. हसली म्हणू नका. जावेच्या नावाने विचकले. बटण दाबले गेले होते. ते तोंड माझ्यातून जसेच्या तसे आत गेले. मालकाने पडद्यावर पाहिले. "पेपर हलला," म्हणाला आणि फोटो पुसून टाकला.

"अरे, ठेवायचा होतास."

"एक अक्षर लागत नाही, ठेवून काय करू?"

ताईने पेपर खुर्चीत आपटला. त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढले नाही. पुढच्या वेळी पुन्हा धरून बसली, कारण त्या घरात धरायला दुसरे होते कोण? चेहऱ्याची खास लेन्स आली. तिचीही परीक्षा पेपरवरच झाली.

पुढे, ताई नसलेल्या घरात तिची जाऊ भेटायला आली. "कवळी छान बसली होती म्हणे. फोटो दाखव."

मालकाने कॅमेरा पुढे केला. पेपरामागून पेपर. वर थोडे पांढरे केस, दोन्ही कडांना बोटे. हवामान, भाड्याच्या जागा, हरवलेली माणसे, सगळे कोपऱ्यापर्यंत वाचता येत होते.

"एवढा राग होता माझा?" जाऊ म्हणाली. "फोटोतसुद्धा तोंड लपवलं."

मालकाने कॅमेरा बंद केला. स्वतःची चूक सांगण्यापेक्षा त्याने बहिणीला आकसखोर ठरू दिले. ते मी त्याला माफ करणार नाही.

मित्रांनो, मला जपा, पुसा, असे मी म्हणणार नाही. माझ्या काचेवर बुरशी चढली आहे, चढू दे. तुमच्या हातात जी लेन्स असेल, तिच्यातून आधी घरातल्या माणसाचे तोंड काढा. कोपऱ्यात कुणी बसलेले नसते. आणि त्या माणसाने दात विचकले, तर ते पुसू नका.

ताई वारली. खास लेन्स आली त्याच साली, थंडी सरता सरता, सकाळी, पेपर यायच्या आधी.