होडी वळव, फॅनवेल

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा हसतोच. अर्धं कापलेलं तेलाचं पिंप, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, माणसाहून उंच दांडा आणि त्यावर एकच तार! मी एक जुना बाबाटोनी आहे, एकतारी वाद्य. मलावीच्या सरोवराकाठी, सालिमाजवळच्या मच्छीमार वस्तीत फॅनवेलने मला आपल्या बहिणीसाठी घडवलं. तारेवरून रिकामी बाटली घासत नेली, की माझा आवाज पार पोटातून येतो.

त्याची बहीण झेलिफा गाणी रचायची. शहरातल्या एका रेकॉर्ड कंपनीने तिला बोलावलंही होतं. पण “हे पिंप बाहेर ठेवा” म्हणताच ती मला घेऊन तडक परतली. तेव्हापासून तिची गाणी तिचीच. ती बसथांब्यावर गायची, कोणाच्या फोनमध्ये गाणं भरून द्यायची आणि तळलेले मांदासी खाऊन पुढच्या गावाची गाडी धरायची. कंडक्टर मात्र दर वेळी अडवायचा.

“ताई, या खांबाचंही तिकीट लागेल हं!”

“खांब कोणाला म्हणतोस? दाजी आहेत तुझे! उभ्यानेच येतील बिचारे.”

सगळी गाडी खदाखदा हसायची. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एका वादळात फॅनवेलची होडी तेवढी काठाला लागली. तो आलाच नाही. झेलिफाने गाणं रचलं, ‘फॅनवेल, दिवस कलला, होडी वळव.’ ते ऐकून बायका तिच्याजवळ येऊ लागल्या. “आज माझ्या लेकाचं नाव घे ना गं,” म्हणायच्या. ती घ्यायची. त्या चालीत नावापुरती जागा होती, आणि तिथे कोणाचंही गेलेलं माणूस सामावायचं. मला त्या गाण्याचा फार अभिमान वाटे.

निवडणूक आली, तशी उमेदवाराची माणसंही आली. त्यांचा म्होरक्या कामोवा गोड बोलत होता.

“गाण्याला धक्काही लावायचा नाही, बाई. फक्त नाव बदला. देशाची होडी आमचे चिपेतेकासाहेबच वळवणार! आणि नाव तर तुम्ही रोजच बदलता.”

“मी गेलेल्यांची नावं घेते,” झेलिफा म्हणाली. “तुमचे साहेब गेलेत का?”

कामोवाचा चेहरा पडला. पण आठवडाभरात ट्रकवरच्या भोंग्यातून तेच गाणं ढोलासकट गर्जू लागलं. गळा दुसऱ्याच कोणाचा होता. ‘चिपेतेका, दिवस कलला, होडी वळव!’

झेलिफा भांडायला गेली, पण तिला दाद कोण देणार? उलट थांब्यावर विरोधी पक्षाची पोरं ओरडली, “आली बघा प्रचारवाली!” त्यांच्या दगडाने माझं कातडं फाटलं. तेही मी सोसलं असतं. पण पुढे वस्तीतल्या नासिबेको मावशींचा मुलगा लोंजेझो बुडाला. झेलिफा मातीला गेली, तिने बाटली उचलली, आणि मावशींनी माझ्या तारेवर हात ठेवला.

“माझ्या लेकरावर मतांचं गाणं नको गं.”

त्या दिवशी झेलिफाने मला भिंतीला टेकवलं, ते टेकवलंच. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. निवडणूक सरली, प्रचारात वाटलेल्या, साहेबांचा चेहरा छापलेल्या कापडात बायका बाळं बांधू लागल्या. गाण्याला लागलेला डाग मात्र निघेना. झेलिफा मुकीच झाली. तिची मला काळजी वाटे.

पुढे कधीतरी मावशीच दारात आल्या.

“ते गाणं म्हण.”

“ते माझं राहिलं नाही, मावशी.”

“तू नाव घेऊ नकोस. नाव मी घेते.”

झेलिफाने माझ्या कातड्याला रबराचं ठिगळ लावलं. ती गाऊ लागली आणि नावाच्या जागी थांबली. मी एकटाच घुमलो. मावशी हळूच म्हणाल्या, “लोंजेझो.” पुन्हा तीच ओळ आली, आणि पुन्हा तेच नाव. तिसऱ्यांदा मात्र मावशी गप्प राहिल्या आणि नुसत्या झेलिफाकडे पाहत बसल्या. मी वाजत राहिलो. किती वेळ वाजलो कोण जाणे! शेवटी तिने भावाला हाक मारली. ती सुरात नव्हती, पण त्याचीच होती.

मित्रांनो, कातडं फाटलं तर ठिगळ लावता येतं. म्हणून माझं ओरखडे पडलेलं अंग जपा, असं मी म्हणत नाही. कोणाची चाल आवडली तर जरूर गा. फक्त तिथलं नाव पुसण्याआधी, ते माणूस घरी परतलं होतं का, एवढं विचारा.