विमानातून फुलं

आमच्या गावच्या जैन मंदिराच्या पंचकल्याणक पूजेत मांडवावर विमानातून फुलं टाकायचा मान माझ्या धाकट्या भावानं, बाबासोनं, सवालात घेतला. सवाल म्हणजे भर सभेतली बोली. ती सुटल्यावर तो उभा राहून म्हणाला, "विमान दुसऱ्याचं, पण चालवणारा घरचा. माझा नेमिनाथ!" लोकांनी जयजयकार केला. त्याच्या पोरानं, नेमूनं, मात्र मान वर केली नाही.

साल चौऱ्याहत्तर. नेमू अमेरिकेत खाजगी वैमानिकाचं लायसन काढून नुकताच परतला होता. घरी आल्यावर तो बापाला म्हणाला, "अप्पा, ते लायसन हितं चालत न्हाय. नियमांची परीक्षा, डॉक्टरची तपासणी, मग साहेब शेजारी बसवून उडवून दाखवायचं. दिल्लीहून हितलं लायसन आलं की मग."

"आभाळ दिल्लीच्या मालकीचं हाय व्हय रं?"

"मी सपाट मुलखात शिकलोय, थंडीत. हितं डोंगर, त्यात ह्यो उन्हाळा. तापल्या हवेत विमान लवकर वर उचलत न्हाय."

"मग फुलं बैलगाडीतनं टाकू? गाव हसंल की!"

मी म्हणाले, "बाबासो, पोरगं नको म्हणतंय. सोड सवाल."

"आक्का, देवाम्होरं घेतलाय. सोडत्यात व्हय?"

बाबासोच्या एका व्यापारी दोस्ताचं लहान विमान उजळाईवाडीच्या धावपट्टीवर असायचं. त्याचा वैमानिक काविळीनं पडला होता. दोस्तानं विमान दिलं. नेमूचं लायसन बघायला कुणी मागितलंच नाही.

पूजेदिवशी सकाळी जीपमधून झेंडूची पोती घेऊन मी धावपट्टीवर गेले. आमचा ड्रायव्हर केरबा खुशीत होता. "धाकलं मालक, वरनं आमच्या घराकडं बघा. म्हातारी कुणासंगं भांडतीया, तेवढं सांगा!"

नेमू हसला नाही. पोती त्यानं शेजारच्या जागेवर ठेवून घेतली.

"मी बसतो की," केरबा म्हणाला. "तुम्ही चालवा, मी टाकतो."

"नको. माझंच लायसन न्हाय, तुझा जीव कशाला संगं घेऊ?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "एका हातानं विमान, एका हातानं पोतं. आत्या, एकच फेरी मारणार. तुम्ही मांडवात पोचा, मग निघतो."

भर दुपारी विमान आलं. दहा गावचे लोक माना वर करून उभे. एक पोतं सुटलं, पण वाऱ्यानं सगळी फुलं पलीकडच्या उसात पडली.

मागून कुणीतरी ओरडलं, "बाबासो, उसाची पूजा घातली व्हय?"

हशा पिकला. बाबासोचा चेहरा उतरला. त्यानं डोक्याचा पटका सोडला आणि वर गरगर फिरवू लागला. परत ये, परत ये.

"अरे, एकच म्हणालाय त्यो!" मी त्याचा दंड धरला. त्यानं मला झिडकारलं.

परत निघालेलं विमान हळूहळू वळलं. या खेपेला ते फार खाली होतं. खिडकीतून नेमूचा हात दिसला, त्यात पोतं. विमान एका अंगाला कललं होतं.

फुलं बरोबर मांडवावर पडली. बेंजोचा बँड सुरू झाला. लोकांनी बाबासोला खांद्यावर घेतलं, गळ्यात हार घातला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

विमान डोंगराआड गेलं होतं. मी डोंगराच्या दुसऱ्या टोकाकडं बघत राहिले. तिथून ते बाहेर यायला हवं होतं. कान देऊन ऐकायचं म्हटलं तर बेंजोपुढं काही ऐकू येईना.

"बेंजो थांबवा!" मी ओरडले. "बाबासो, बेंजो थांबीव!"

तो वरून माझ्याकडं बघून हसला आणि हात जोडले. त्याला वाटलं, मी जयजयकार करतेय.

तेवढ्यात डोंगरामागून काळा धूर वर आला.