पुसण्याआधी उतरवून घेतलेलं

माझ्या खालच्या उजव्या कोपऱ्यात साडेचार सेंटिमीटरची एक निळी रेघ आहे. कुणीतरी घाईत न पुसल्या जाणाऱ्या शाईचं पेन उचललं आणि ती उमटली. स्पिरिटने घासल्यावर फिकी झाली, गेली मात्र नाही. मित्रांनो, मी एक जुना पांढरा फळा आहे आणि माझ्या अंगावर कायमचं राहिलेलं तेवढंच. बाकी सगळं पुसलं गेलं.

कारखान्यात पत्र्यावर पांढरा मुलामा चढवून, भट्टीत तापवून मला घडवलं. मग एका सॉफ्टवेअर कंपनीच्या बैठकीच्या खोलीत मला लावलं. तिथे माझा रुबाब होता. पाहुणे माझ्यावर चौकोन आणि बाण काढत, बाकीचे माना डोलावत. आठ वर्षांनी तिथे मोठा पडदा आला आणि माझी रवानगी तळमजल्यावर, जुने कीबोर्ड आणि मोडक्या खुर्च्या ठेवण्याच्या खोलीत झाली. दीड वर्ष मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

मला वळवलं केबलताईंनी. त्या नेटवर्क विभागात होत्या, निवृत्तीला आलेल्या. इमारतीतल्या चार कंपन्यांत तांत्रिक कामं करणाऱ्या बायकांना त्या दर दुसऱ्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत इथे जमवू लागल्या.

"वर खोली मागितली तर कारण लिहून द्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "इथे नुसती धूळ झटकली की झालं."

त्यांचा एक नियम होता. पंधरा दिवसांत काय केलं ते प्रत्येकीने माझ्यावर लिहायचं, आणि दुसरीने ते वहीत उतरवून घेतल्याशिवाय पुसायचं नाही. त्या वहीमुळे कुणाला बढती मागताना आधार मिळाला, कुणाला दुसऱ्या कंपनीत शिफारस.

एक जण मात्र दर वेळी एकच शब्द लिही, ‘नेहमीचंच’. ती दवाखान्यांच्या नोंदींचे बॅकअप सांभाळी, म्हणून सगळ्या तिला बॅकअपवाली म्हणत. तिच्या विभागात सगळे एकाच सामायिक नावाने लॉगिन करत. त्यामुळे कामाच्या नोंदींत तिचं नाव कुठेच नसे, ‘टीम’ एवढंच असे. विभागप्रमुखाची जागा दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा ती "पुढच्या वेळी बघू" म्हणाली. दुसऱ्या वेळी तर तिनेच शिकवलेला माणूस तिचा साहेब झाला.

आता त्याची बदली झाली होती. अर्जाची मुदत त्या बुधवारी पाच वाजता संपत होती.

"भरलास का?" केबलताईंनी डबा उघडता उघडता विचारलं.

"तीन वर्षांतलं महत्त्वाचं काम लिहा म्हणतात. काय लिहू? नेहमीचंच तर केलं."

"बाई गं, माझ्याआधी तुझ्या त्या शब्दाला निवृत्त कर."

त्यांनी वही काढली. ‘नेहमीचंच’च्या खाली मैत्रिणींनी दर वेळी तिला खोदून विचारून खरं काम लिहून ठेवलं होतं. केबलताई वाचू लागल्या आणि नव्याने लागलेली प्रोग्रॅमर मुलगी माझ्यावर लिहू लागली. डिस्क बंद पडल्या तेव्हा एकोणीस दवाखान्यांच्या नोंदी सहा तासांत परत आणल्या, एकही हरवली नाही. बॅकअप दर महिन्याला उघडून तपासायची पद्धत सुरू केली. चौघांना काम शिकवलं. मी वरपासून खालपर्यंत भरलो.

बॅकअपवाली बराच वेळ वाचत राहिली. मग उठली, डस्टर घेतलं आणि ‘सहा’ पुसून ‘सव्वापाच’ लिहिलं.

"हे चुकलंय. सव्वापाच तास लागले होते."

"कुणाला?" केबलताईंनी विचारलं.

"मला," ती म्हणाली. "मला लागले होते."

"मग बसा आता अर्ज भरायला," मुलगी खुर्ची पुढे सरकवत म्हणाली. "ही एका पायाने लंगडी आहे, पण धरते."

सगळ्या हसल्या. तीही हसली, आणि तिचे आखडलेले खांदे खाली आले.

मित्रांनो, पुसायला हाताचा एक फटकारा पुरतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तुमच्या शेजारी कुणी मुकाट्याने चांगलं काम करत असेल, तर ते तिच्या नावाने लिहून ठेवा. तिला वाचूनही दाखवा.

तिने कंपनीच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "बोला, काही अडलंय का?"

"नाही सर, अडलेलं नाही," ती म्हणाली. "विभागप्रमुखाच्या जागेसाठी मी अर्ज करतेय. आजच, पाचच्या आत."