दुसऱ्यांदा धावलेल्या जोड्या

माझ्या भावाच्या खेळाला पहिल्याच आठवड्यात अकराशे चाळीस सबस्क्रायबर मिळाले, आणि घरात मी एकटीच खूश नव्हते.

अश्वजितदादाने तो खेळ करडीतल्या आमच्या घरी, मागच्या खोलीत बसून दोन वर्षांत बनवला. नाव ‘शंकरपट ऑनलाइन’. आपल्याकडे पटात बैलांची जोडी धावते. या खेळात जोडीतला एक बैल तुमचा आणि दुसरा कुठल्यातरी दुसऱ्या माणसाचा, जो त्याच्या घरी त्याचा मोबाइल धरून बसलेला असतो. दोघांची पावलं जुळली तर जोडी सुसाट सुटते, नाही जुळली तर तिरपी होऊन कडेच्या बघ्यांत शिरते. एकट्याने खेळताच येत नाही. महिन्याची वर्गणी एकोणीस रुपये. बैल, धूळ आणि धावणं हे दादाचं काम. सर्व्हर, वर्गणी आणि जाहिरात भोजराजकडे. भोजराज नागपूरचा, दादाचा कॉलेजमधला मित्र आणि आता भागीदार.

याच दिवसांत दादाला पाटबंधारे खात्यात कनिष्ठ लिपिकाची नेमणूक मिळाली होती, गोंदियाला. सोमवारी रुजू व्हायचं, नाहीतर ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराची.

“गोंदिया काय दूर हाये?” बाबा म्हणायचे. “मी नोकरीले लागलो तवा आपल्याच जिल्ह्यात होतं.”

भोजराजकडून रोज सकाळी आकडा यायचा, तोच दादा त्यांना उत्तरादाखल मोठ्याने वाचून दाखवायचा. नोकरी नको असल्याचा ईमेल त्याने लिहून ठेवला होता. फक्त पाठवायचा बाकी होता.

मी संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलं आहे. दादाच्या फोनवर सबस्क्रायबर गावानुसार आणि तासानुसार दिसायचे. मी त्यांचा आलेख काढला. नवी गोष्ट माणसं कशी घेतात याचा एक साधारण आकार असतो. आधी थोडी येतात, मग त्यांचं पाहून आणखी काही. दुपारी आलेख बसतो, जेवणं झाल्यावर पुन्हा उठतो. या आलेखात तसलं काही नव्हतं. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी करडीत अर्ध्या तासात एकदम उसळी, त्याच संध्याकाळी आंबागडला, मोहाडीला आणि आणखी काही गावांत. लाखांदूरला तर दोनशेच्या वर. त्यानंतर जवळजवळ काहीच नाही. माणसं अशी येत नाहीत. यंत्रं अशी येतात.

“दादा, यातल्या किती जोड्या दुसऱ्यांदा धावल्या?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“पैसे भरले म्हणजे खेळले असं नाही. पहिल्यांदा कोणीही उघडून पाहते. परत किती आले?”

“तू खूश नको होऊ बापा. पीएच.डी. करायची हाये तं दुसऱ्याच्या खेळावर कर.”

तरी त्याने भोजराजला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“अगं तृप्ती, तो हिशोब सर्व्हरवरून निघतच नाही,” भोजराज म्हणाला. “दुकान उघडलं, गर्दी झाली. आता काय एकेकाले विचारशील, उद्या येशील का म्हणून?”

“विचारीन.”

“अश्वजित, तुझी बहीण सीबीआयमध्ये लागते बे!”

दोघेही हसले. मला हसू आलं नाही. भोजराजला दादा पूर्णवेळ हवा होता. पुण्याच्या एका गुंतवणूकदाराला त्याला मोठा आकडा दाखवायचा होता, हे दादानेच सांगितलं होतं. आणि एकोणीस रुपये कोणाच्याही नावाने भरता येतात.

“तो चोर नाहीये,” दादा नंतर म्हणाला.

“मी कुठं चोर म्हटलं? पाहू म्हटलं.”

शनिवारी मी लाखांदूरला निघाले. तिथे शकुमावशी राहते, म्हणून घरी वेगळं कारण द्यावं लागलं नाही.

“आजच काहून?” आईने विचारलं. तिच्या हातातल्या फोनमधून घुंगरांसारखं काहीतरी वाजलं. तिने तो घाईने पालथा केला. मी तेही लक्षात ठेवलं.

भंडाऱ्याला गाडी बदलून मी लाखांदूरला उतरले. स्टँडवर चार-पाच पोरं मोबाइलवर गोळ्या झाडत बसली होती. मी त्यांना खेळाचं नाव सांगितलं.

“कोणता गेम, ताई?”

“बैलांचा. शंकरपट.”

“तो तं शेतात असते.”

पानठेल्यावरच्या मुलानेही मान हलवली. दोनशे सबस्क्रायबर असलेल्या गावात एकाही पोराला खेळाचं नाव ठाऊक नव्हतं. माझी खात्रीच झाली. भोजराजला नेमकं काय आणि कोणत्या शब्दांत विचारायचं, ते मी मावशीच्या घरापर्यंत मनात जुळवत गेले.

मावशीच्या ओसरीवर शेजारच्या मंगलाबाई बसल्या होत्या. मला फोटो दाखवायला त्यांनी फोन पुढे केला, आणि पडद्यावर नातवाच्या चेहऱ्याखाली दादाच्या खेळाच्या चिन्हातला बैल होता. शिंगांना लाल गोंडे असलेला, दादानेच काढलेला.

“हा खेळ तुमच्याकडे कसा?”

“आपल्या अश्वजितचा हाये ना!”

“तुम्ही खेळता?”

“मले नाही जमत बाई. मी पैसे भरले फक्त.”

मावशी आतून चहा घेऊन आली. “पौर्णिमेले विहारात वंदना झाली, अन् मी माईकवर सांगतलं. माह्या बहिणीच्या, तुळसाच्या पोरानं गेम बनवला, आपल्या समाजातलं पोरगं हाये, ज्याच्याजवळ मोबाइल हाये त्यानं आत्ताच घ्या. माह्या सूननं एकेकीले करून देलं.”

“आणि करडी? आंबागड?”

“ते तुह्या मायनं. गावोगावच्या महिला मंडळाले मेसेज कोणी टाकला मग?”

मी गुरुवार पाहिला होता. त्या दिवशी पौर्णिमा होती, हे पाहिलं नव्हतं.

म्हणजे माणसं खरी होती आणि पैसेही खरे होते. भोजराजने काही रचलं नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. पण मी मंगलाबाईंना विचारलं, “पुढच्या महिन्यातही भरणार ना?”

त्यांनी मावशीकडे पाहिलं. “अजून भरा लागते काय?”

रविवारी दुपारी घरी परतल्यावर मी दादाला सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोरच सांगितलं.

“तं काय झालं?” आई म्हणाली. “ते लोक नाहीत काय? विहाराच्या छताले लोकायनं असेच देले होते.”

“छत एकदाच घालतात, आई,” दादा म्हणाला.

त्याने भोजराजला फोन लावला.

“दुसऱ्यांदा धावलेल्या जोड्या किती?”

“अबे पुन्हा तेच? अकराशे साठच्या वर गेलो आपण—”

“जोड्या सांग.”

पलीकडे पंखा फिरल्यासारखा आवाज येत होता.

“नऊ,” भोजराज म्हणाला.

त्याला काही उघडून पाहावं लागलं नाही. तो आकडा त्याला तोंडपाठच होता.

“तुले कधीपासून माहीत हाये?”

“सांगतलं असतं तं तू गोंदियाले गेला असता ना यार.”

दादाने फोन ठेवला. बाबा दारात येऊन उभे होते.

“त्या नऊतली एक आमची हाये,” आई म्हणाली.

“कोणाची?”

“माही अन् शकूची. रोज दुपारी धावतो.”

“आई, तुमची नाही धरता येत,” मी म्हटलं. “तुम्ही घरच्या.”

“काहून नाही धरता येत?” सुपातले तांदूळ उडाले. “अन् तुहा तो बैल, अश्वजित, अर्ध्या वाटेवर डावीकडं ओढते. शकू म्हणते माही चूक. माही नाही, बैलाची चूक हाये. सांगाव कोणाले? तू तं निसता आकडा वाचून राहिला.”

“तू दादासाठीच खेळते ना?” मी विचारलं.

“घेतला त्याच्यासाठी. आता कायले त्याच्यासाठी? शकूच्या तिकडच्या त्या सिरेगावच्या जोडीले हरवाचं हाये आमाले.”

दादाने तिला फोन आणायला सांगितला. मावशीला खेळातूनच हाक गेली, घुंगरं वाजली, जोडी सुटली. दादा आईच्या खांद्याला खांदा लावून वाकून पाहत होता. अर्ध्या वाटेवर तिचा बैल खरोखर डावीकडे झुकला आणि जोडी बघ्यांत शिरली.

“पाह्य शकू, पाह्य!” आई फोनवर ओरडली. “पोरानं आपल्या डोयानं पाह्यलं!”

“ओढते,” दादा म्हणाला. “खरंच ओढते.”

मी माझ्या आलेखाच्या कोपऱ्यात आठ लिहिले होते. ते खोडून नऊ केले.

सोमवारी सकाळी दादा तुमसरच्या गाडीत चढला. तिथून पुढे गोंदियासाठी रेल्वे. बॅगेत बाबांनी इस्त्री केलेले दोन शर्ट होते आणि लॅपटॉप. लिहून ठेवलेला ईमेल त्याने पाठवला नव्हता. तो खोडला की नाही, हे मी विचारलं नाही, पण पाहणार आहे.

गाडी हलली तशी आई खिडकीशी गेली. “जेवजो वेळेवर. अन् ते डावीकडचं?”

“गोंदियाहून करतो,” दादा म्हणाला.