एकट्या माणसाची होडी

त्या दिवशी सकाळी पाणी तव्यासारखं सपाट होतं. थंडी होती, पण सोसवेल इतकी. आभाळ स्वच्छ. ऊन वर आलं तसा समोरून वारा उठला, आणि दुपार कलायच्या आत पैठणच्या धरणाचं ते दांडगं पाणी सगळं उसळायला लागलं. मी तोवर नदीचं आणि लहान धरणाचं पाणी पाहिलेलं. ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी पाहिलं नव्हतं. त्या पाण्यात माझी जी शोभा झाली, तीच सांगायला बसलोय.

मी कयाक बोलतोय. ती अरुंद, लांबोळकी होडी असते ना, मधल्या भोकात एकच माणूस बसतो आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारतो, ती. मला सांगायला वेळ लागतो. तेवढा द्या.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमधला. साच्यात कापड अंथरलं, वर चिकट औषध ओतलं, वाळल्यावर मला उपटून काढलं. अंगावर काहीतरी इंग्रजीत लिहिलं. ते काय होतं मला अजून माहीत नाही. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही आणि ज्यांच्यात राहिलो त्यांच्यातही ते मला वाचून दाखवणारं कोणी भेटलं नाही.

तरुणपण गंगापूर धरणावर गेलं. नाशिकची पोरंपोरी माझ्यात बसून शिकायची. माणसाची एक गंमत मी तिथं पाहिली. किनाऱ्यावर मोठमोठ्यानं बोलणारा माणूस माझ्यात बसला की गप्प होतो. खाली पाणी आणि सोबत कोणी नाही, मग त्याला आपला श्वास ऐकू येतो. पुढं नव्या होड्या आल्या आणि मला भिंतीकडेला टाकून दिलं.

तिथून मला प्रतिभानं आणलं. तिचं माहेर धरणाजवळच्या गावातलं. शाळेत असताना ती माझ्यासारख्याच होड्या वल्हवायची. सासर मात्र नदीच्या खालच्या अंगाला, निफाडच्या वाटेवर, गोदावरीच्या वळणावरच्या एका वस्तीत. घरची शेवंती आणि झेंडू. पहाटे फुलं तोडायची आणि नाशिकच्या बाजारात पाठवायची. तिला वाटलं असेल, कधीमधी नदीत उतरेन. कसलं उतरतेय. फुलांच्या घरात बाईला सवड नसते.

तिचे सासरे चिमाजी. पांढरीफेक मिशी, हळू बोलणं. त्यांनी मला चहूबाजूंनी न्याहाळलं आणि म्हणाले, "पन्हाळीसारखी दिसती. म्हशीला बरी होईल." झालं. मी म्हशीची गव्हाण झालो. माणूस बसायच्या भोकात कुट्टी पडायची आणि म्हैस तोंड घालून निवांत खायची. शेजारची आक्काबाई मला काकडी म्हणायची. "भाऊजी, तुमची काकडी लय मोठी आली यंदा. बाजारात न्या." यावर तिचा नवरा पुंजा आणि चिमाजी दोघं खोकला येईस्तोवर हसायचे. त्या दोघांची बैठक माझ्याच अंगावर असायची, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मला ते दिवस वाईट नव्हते.

मग तो पूर आला. वस्तीला चारी बाजूंनी पाणी लागलं आणि त्यातच पुंजाच्या छातीत दुखायला लागलं. डांबरी रस्ता समोर दिसत होता. त्यावर गाडीही येऊन उभी होती. मधे पाणी. फोन झाले, सरकारी नाव निघाली म्हणून निरोप आला, पण अशा वेळी नाव सगळीकडेच हवी असते. प्रतिभा माझ्याकडे धावत आली. मला रिकामं केलं, ओढत पुंजाच्या दारापर्यंत नेलं. पण माझ्यात एकच माणूस बसतो. वल्हं मारणारा बसला तर आजारी माणसाला जागा नाही, आणि आजारी माणसाला बसवलं तर तो वल्हं मारणार कसा? आडवं निजवायचं तर मी अरुंद. प्रतिभा मला धरून उभी राहिली. चिमाजी पुंजाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. नाव आली तेव्हा पुंजा गेला होता.

पाणी ओसरल्यावर प्रतिभा म्हणाली, वस्तीला स्वतःची नाव पाहिजे. रुंद, खाट मावेल अशी, इंजिनाची. आणि ती मिळवायला मी नाशिकपासून पैठणच्या धरणापर्यंत ह्या होडीतून एकटी जाणार. वाटेतल्या गावांनी जमेल ते द्यावं.

आमच्या भागातल्या माणसाला रोख काढून दे म्हटलं की तो विचारात पडतो. पण माल तो सढळ हातानं देतो. कोणी टोमॅटोचं कॅरेट, कोणी कांद्याची गोणी, कोणी द्राक्षाची पेटी. ते गोळा करायला तिचा नवरा कुंदन पिकअप घेऊन काठाकाठानं येणार होता. नाशकात द्वारका चौकात मोटारपंपाचं दुकान असलेले चंदरशेठ आहेत, ते म्हणाले, "ताई, होडीचं नाक पैठणच्या धरणाला लागू द्या. वल्हवत या, इंजिन माझ्याकडून." चारचौघांत म्हणाले.

निघायच्या दिवशी नाशिकच्या खाली, जिथं पाणवेली जरा विरळ होतात, तिथं मला पाण्यात सोडलं. सगळी वस्ती आलेली. हळदकुंकू झालं, शेवंतीचा हार घातला. मग चिमाजी नारळ घेऊन पुढं आले. पुंजा गेल्यापासून हा माणूस कुठल्या कामात नव्हता. त्या दिवशी धुतलेला फेटा बांधून आला होता. आपल्याकडे ट्रॅक्टर आणला, विहिरीवर मोटार बसवली, की थोरल्या माणसानं नारळ फोडायचा. ट्रॅक्टरपाशी दगड असतो. इथं गुडघाभर पाणी आणि खाली चिखल. चिमाजींनी इकडं तिकडं पाहिलं, डोळे मिटले आणि नारळ माझ्या नाकावर हाणला.

एका घावात फुटला. लोक म्हणाले, शुभ झालं. आत मला चिरकन काहीतरी झालं. पण वर कुंकू, हार, पाणी. कोणाला काय दिसणार?

पहिल्या मुक्कामाला प्रतिभाचे पाय भिजलेले. तिनं मला उपडं केलं. नाकाला केसासारखी चीर गेलेली आणि चिरेत नारळाच्या शेंडीचा एक धागा अडकलेला. कुंदननं तो धागा ओढून काढला आणि बराच वेळ बोटात धरून बसला.

"आबांना सांगावं लागंल," तो म्हणाला.

"कशाला?"

"अगं, होडी फुटलीय."

"फुटलीय, बुडली नाय. अहो, पुंजाकाका गेल्यापासून माणूस पहिल्यांदा हौसेनं घराबाहेर पडला. त्याला जाऊन काय सांगू, तुमच्या नारळानं घात केला?"

तेवढ्यात चिमाजींचाच फोन आला. "पोरी, होडी काय म्हणती?"

"झकास हाय आबा. पाण्यावर नुसती पळती."

मी पाण्यावर पळत नव्हतो. रस्त्याच्या कामावरून कुंदननं डांबर आणलं, चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. तरी पाझरायचंच. ती जरा वल्हं मारायची, मग तांब्यानं पाणी उपसायची, परत वल्हं. काठावरची माणसं म्हणायची, "बाई दमती लवकर." ती हसून म्हणायची, "वय झालं." प्रत्येक वेळी मला वाटायचं, अरे, ती नाही दमत, मीच गळतोय. पण होडीला तोंड कुठं असतं?

वाटेत जागोजागी बंधारे. तिथं मला खांद्यावर घेऊन पलीकडे सोडायचे. निफाडच्या बाजूला एका पहाटे तर नदीवर धूरच धूर होता. थंडीनं द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये शेकोट्या पेटवलेल्या. दोघंतिघं शेकत बसलेले काठावर आले.

"कशासाठी चाललाय बाई एवढी यातायात?"

"नावेसाठी."

"आन मंग ही काय हाय?"

"ही एकट्याची हाय, दादा."

म्हातारा होता त्यातला एक. तो मागं वळला. बागेत गेला आणि द्राक्षाची पेटी डोक्यावर घेऊन आला. ती पेटी पिकअपमध्ये चढताना मी खाली मान घालून होतो. नाक खाली गेलेलं होतंच, पाणी भरल्यामुळं.

असं करत करत आम्ही धरणाच्या पाण्याला लागलो, आणि तो वारा उठला. लाट यायची ती नेमकी नाकावर. चारदोन लाटांत डांबर सुटलं, ट्यूबचा तुकडा वाहून गेला. प्रतिभानं तांब्या टाकून दिला, कारण उपसायला थांबलं की वारा मागं ढकलायचा. नुसती वल्हं मारत राहिली. समोर काठ दिसायला लागला. चंदरशेठनी कापडी फलक लावलेला, ताशेवाले बोलावलेले. वस्तीची माणसं टेम्पो करून आलेली. चिमाजी फेटा बांधून पुढं उभे.

आणि तिथं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, मी बुडालो.

फार खोल नव्हतं. कमरेइतकं. पण बुडणं ते बुडणंच. ताशा मधेच थांबला. कोणी तरी ओरडलं, "बुडाली, बुडाली," आणि पाचपंचवीस मोबाइल वर झाले. एक जण हसला, मग बरेच हसले. प्रतिभा पाण्यातून उठून उभी राहिली. तिनं माझ्या नाकाची दोरी हातात घेतली आणि अडलेल्या बैलाला ओढतात तसं मला ओढत निघाली. त्या वेळी मला वाटलं, अजून खोल पाणी असतं तर बरं झालं असतं.

चिमाजी चपलांसकट पाण्यात शिरले आणि त्यांनी माझं नाक धरलं. त्यांचा तळवा नेमका चिरेवर पडला. जन्मभर नारळ फोडलेला हात तो. त्यांनी अंगठा चिरेवरून एकदा फिरवला, आणि विस्तवाला लागल्यासारखा हात काढून घेतला. सुनेकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहत होती.

वरून चंदरशेठ म्हणाले, "ताई, दमलात का काय शेवटी?"

"हो. दमले."

"तसं नाय, पण वल्हवत यायचं ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं, शेठ."

चिमाजींनी तोंड उघडलं. "शेठ, ऐका, ह्यात तिचा काय—"

"आबा," प्रतिभा म्हणाली, "पाय भिजले तुमचे. वर चला आधी." आणि त्यांना दंडाला धरून ती वर घेऊन गेली. ते बोलायचं राहिलं ते राहिलंच.

चंदरशेठ वाईट माणूस नाही. पुढं त्यांनी वस्तीला पाण्यात घालायची केशरी जाकिटं पाठवली. इंजिनाचा विषय मात्र निघाला नाही, आणि प्रतिभानं काढला नाही. गावोगावच्या मालातून नाव झाली. रुंद, सपाट बुडाची, आडव्या फळ्यांची. इंजिनाच्या जागी चार वल्ही. पूर आला तर माणसांनी हातांनी ओढायची. ज्या इंजिनासाठी ती एवढी गेली ते माझ्या नाकापायी गेलं. मला हे रोज आठवतं. विसरावं असं खूप वाटतं, पण पडून असलेल्याला दुसरं काम काय?

मी परत घराच्या भिंतीशी आहे, उपडा. चिमाजी माझ्यावर येऊन बसतात. फेटा बांधत नाहीत. नदीकडे जात नाहीत. वस्तीच्या पोरांचं चाललंय की मला रंगवायचं आणि वस्तीच्या तोंडाशी उभं करायचं, येणाऱ्याजाणाऱ्यानं फोटो काढावा म्हणून. तुमच्यातलं कोणी त्यांच्या ओळखीचं असेल तर माझ्यासाठी एवढं सांगा, की असं करू नका. मी उभं राहून हार घालून घ्यावा असं माझ्या हातून काही झालेलं नाही. मला परत म्हशीची गव्हाण करा. म्हैस हसत नाही.

आज नवी नाव पहिल्यांदा पाण्यात घालायची आहे. पावसाळा तोंडावर आलाय. सगळे नदीवर गेले. प्रतिभा चिमाजींना बोलवायला आली होती. "आबा, थोरले तुमीच. तुमीच हात लावा पहिला."

"माझा हात नको पोरी," ते म्हणाले. "माझ्या हाताचं काय होतं ते पाहिलं ना."

ती एकटीच परत गेली. ते माझ्यावर बसून राहिले. दोघंही आम्ही नदीकडं पाठ करून. लांबून माणसांचा गलका ऐकू येत होता.

थोड्या वेळानं आक्काबाई आली. अंगात केशरी जाकीट, लुगड्यावरून घातलेलं, पट्टे उलटसुलट. एरवी चिमाजी हसले असते. ती त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मग म्हणाली,

"उठा भाऊजी. चार वल्ही हायेत आन तिघंच बसलेत. आमचे हे असते तर तिकडं बसले असते, ते नाहीत म्हणून मी बसले. तुमच्या जागेवर कुणाला बसवू, ते तेवढं सांगा."